शिवेवरची वाटाडीण

नातीने टेबलावर फासा ठेवला तेव्हा मी तो उचलून त्याच्या बाजू मोजल्या. वीस होत्या. तिने तसे सांगितलेच होते, पण मोजल्याशिवाय आकडा मान्य करण्याची मला सवय नाही. नोकरीची सगळी वर्षे मी जमीन मोजण्यात घालवली. जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत ज्याच्या उतारावर मी साखळी ओढलेली नाही असा डोंगर क्वचितच असेल.

नात म्हणजे माझ्या मुलीची मुलगी. डॉक्टर झाल्यावर सक्तीच्या सेवेचे एक वर्ष तिच्या वाट्याला जव्हारमध्ये आले आणि ती माझ्याकडे राहायला आली. पत्नीला जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. घरात मी एकटा होतो आणि प्रत्येक वस्तूला तिची जागा होती. नातीने दोन आठवड्यांत त्या जागा बदलल्या. कानात घालायची नळी दाराच्या खुंटीवर, पुस्तके जिन्यावर, आणि रविवारी दुपारी तीन वाजता मागच्या पडवीत खेळ.

कसला खेळ, असे मी विचारले. तिने रोल-प्लेइंग गेम असे सांगितले. वसतिगृहात ती आणि तिच्या मैत्रिणी तो खेळत असत. प्रत्येकाने एक माणूस कल्पायचा, त्याचा स्वभाव, धंदा, खोडी कागदावर लिहायच्या आणि खेळ चालू असेपर्यंत तो माणूस होऊन बोलायचे, वागायचे. गोष्टीची मांडणी ती करणार. पुढे काय घडते ते आम्ही ठरवणार. जिथे नक्की सांगता येत नाही तिथे फासा टाकायचा.

"जिंकतो कोण?" मी विचारले.

"कोणीच नाही, आजोबा."

मी तेव्हाच नकार द्यायला हवा होता. परंतु तिने शेठना आधीच बोलावून ठेवले होते, आणि शेठ चहाच्या वेळी आले की परत जात नाहीत.

शेठ आमचे शेजारी. बाजारपेठेत त्यांचे कापडाचे दुकान आहे. आता दुकान सून सांभाळते. शेठ रोज सकाळी शिरपामाळपर्यंत चालून येतात आणि वाटेत कोण भेटले, कोणाचे कसे चालले आहे, हे मला फाटकातून सांगतात. मी ऐकतो. आमची मैत्री अशी आहे.

खेळाला तिसरा माणूस लागत होता. नातीने तो मला न विचारता ठरवला. पहिल्या रविवारी तिने लोणच्याच्या बरणीला मोबाइल टेकवून उभा केला आणि त्यात माझा मुलगा दिसू लागला.

मुलगा कोईमतूरला एका कारखान्यात आहे. वीस वर्षे झाली. सणाला त्याचा फोन येतो. आई गेली तेव्हा तो आला, तेरा दिवस राहिला आणि चौदाव्या दिवशी परत गेला. त्या तेरा दिवसांत आम्ही जे बोललो ते सारे विधींविषयी होते. काय आणायचे, कोणाला सांगायचे, किती पाने मांडायची. ते संपले तेव्हा बोलणेही संपले.

"बाबा," तो म्हणाला.

"बरा आहेस?"

"बरा आहे."

एरवी आमचे सणाचे बोलणे एवढ्यावर भागत असे. त्या दिवशी मात्र नातीने लगेच कागद वाटले.

खेळ सुरू होण्याआधी तिने एक नियम सांगितला. प्रत्येकाने आपापला माणूस चालवायचा. दुसऱ्याचा माणूस काय करील, काय बोलेल, त्याला काय वाटेल, हे आपण सांगायचे नाही. आपल्याला पटले नाही तर आपल्या माणसाच्या तोंडून बोलावे. पण त्याच्या माणसाला हात लावू नये. मला हा नियम चोख वाटला. मी तो नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली रेघ मारली. ती वही अजून आहे.

गोष्ट तिने आमच्याच मुलखासारखी रचली होती. एका पठारावर एक गाव आहे. तिथल्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, बियाण्याला बुरशी लागून ते वाया गेले. तीन माणसे घाटाखालून नवे बियाणे घेऊन निघतात. पेरणीच्या आत वर पोचले नाहीत तर गावाचे ते वर्ष गेले.

मी मोजणीदार घेतला. दुसरा माणूस मला सुचला नाही. शेठ म्हणाले, "अण्णा, पेन्शन लागली, केस गेले, तरी साखळी सुटत नाही तुमची." शेठनी स्वतः चोर घेतला. मला ते शोभणारे वाटले नाही आणि मी तसे बोलूनही दाखवले. शेठनी नातीकडे पाहिले. तिने माझ्या वहीकडे बोट दाखवले. "आयुष्यभर एक बोट कापड कमी मापलं नाही," शेठ म्हणाले. "आता दोन तास चोरी करू द्या हो मला."

मुलाने एक बाई घेतली. साठीची वाटाडीण. डोंगरातल्या आडवाटा दाखवणे हा तिचा धंदा. ती मूळची त्याच पठारावरच्या गावची, तरुणपणी गाव सोडून खाली आलेली, पुन्हा वर न गेलेली. का सोडले, असे नातीने विचारले. तो म्हणाला, ते तिचे तिला माहीत.

मी वहीवर बोट ठेवून बसलो.

खेळ मला जमेल असे वाटले नव्हते. जमला. मोजणीदार पावलांनी अंतर मोजत चालतो, रात्रीच्या मुक्कामाची जागा उतार पाहून ठरवतो, ओढ्याच्या पाण्याचा अंदाज करतो; यात मला अभिनय करावा लागत नव्हता. शेठचा चोर वाटेतल्या प्रत्येक वाडीतून काही ना काही उचलत असे आणि पुढच्या वाडीत ते वाटून टाकत असे. त्याला चोरी म्हणावे की दुकान, असा नातीला प्रश्न पडला.

पण खेळ चालला तो वाटाडिणीमुळे. माझ्या मुलाला इतके बोलता येते हे मला माहीत नव्हते. ती पोटात काही पडल्याशिवाय कोणत्याही प्रश्नाला उत्तर देत नसे. दोन वाटा फुटल्या की आधी बसत असे. मोजणीदाराला ती 'कागदवाले' म्हणायची. एकदा मी, म्हणजे मोजणीदाराने, घाटाच्या तोंडाशी थांबून उंचीचा हिशेब मांडला, तेव्हा बरणीपाशी उभ्या मोबाइलमधून आवाज आला, "ओ कागदवाले, डोंगर कुठं पळून नाही चालला. पाय उचला." शेठ चहा सांडेपर्यंत हसले. मीही हसलो असावा, कारण नातीने माझ्याकडे वळून पाहिले.

मोजणीदाराने तिला उत्तर दिले, तिने मोजणीदाराला दिले. तासभर असे चालले. खेळ संपल्यावर मुलगा पुन्हा मुलगा झाला. येतो बाबा, म्हणाला. मी, हं, म्हणालो.

त्यानंतर मी शनिवारी संध्याकाळीच नातीचा मोबाइल चार्जिंगला लावू लागलो. रविवारी अडीच वाजता कप पुसून ठेवत असे. बरणी पडवीत नेऊन ठेवत असे. नात हे पाहत होती. 

इथे मला जुनी एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी कोणाला सांगितलेली नाही. ज्यांनी पाहिली त्यांना सांगण्याची गरज नाही.

आमचे मूळ गाव मोखाड्याच्या बाजूला आहे. तिथे बोहाडा होतो. देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून, सांबळाच्या तालावर एकेक सोंग नाचत येते. कोणते सोंग कोणत्या घराकडे, हे पिढ्यांपासून ठरलेले असते. आमच्या घराकडे लक्ष्मणाचे सोंग होते. माझ्या आजोबांनी नाचवले, वडिलांनी नाचवले, मी नाचवले. आमच्या गावी एक रीत पाळतात. मुखवटा चढला की त्या माणसाला घरच्या नावाने हाक मारायची नाही. तो उतरेपर्यंत आई मुलाला हात जोडते आणि सावकार कुळाला वाट देतो. मी सोंगांच्या बैठकीत बरीच वर्षे होतो आणि ही रीत मोडणाऱ्याला मी कधी माफ केले नाही. एका माणसाने गर्दीत आपल्या भावाला नावाने हाक मारली म्हणून त्याला मी पुढच्या वर्षी मशाल धरू दिली नव्हती.

मुलगा एकोणीस वर्षांचा असताना मी त्याला लक्ष्मणाचे सोंग द्यायचे ठरवले. बैठक देवळाच्या ओट्यावर दुपारी भरली होती. ज्या घराकडे त्राटिकेचे सोंग होते त्या घरातल्या म्हाताऱ्याचे गुडघे गेले होते आणि त्याला मुलगा नव्हता. तो म्हणाला, यंदा कोणी घेत असेल तर घ्या. माझा मुलगा खांबापाशी उभा होता. तो पुढे आला आणि म्हणाला, मी घेतो. त्राटिकेचा मुखवटा सगळ्यांत जड असतो, तिचा नाच सगळ्यांत अवघड. म्हातारा खूश झाला. बैठकीतल्या बाकीच्यांनाही हरकत नव्हती.

मला होती. मी सर्वांसमोर म्हणालो, "आमच्या घरात लक्ष्मण आहे. तू राक्षसीण होणार नाहीस."

त्याने लक्ष्मण नाचवला. पाय एकदाही चुकला नाही. उजाडल्यावर मुखवटा उतरवून त्याने तो माझ्या हातात दिला आणि अंघोळीला गेला. त्यानंतर तो बोहाड्याला आला नाही. शिकायला नाशिकला गेला, तिथून पुण्याला, तिथून कोईमतूरला. प्रत्येक वेळी जाण्याचे कारण रास्त होते. मी प्रत्येक कारण मान्य केले.

आता पडवीकडे येतो.

सातव्या महिन्यात आमची माणसे पठारावर पोचली. बियाण्याची पोती कोरडी होती. समोर शिवेचा दगड, पलीकडे गावची घरे आणि पेरणीसाठी भाजून ठेवलेली शेते. नातीने हे सगळे चांगले सांगितले. मग तिने विचारले की कोण काय करतो. शेठ म्हणाले, चोर अंगावरची धूळ झटकून सभ्य दिसायचा प्रयत्न करतो.

मुलगा म्हणाला, "वाटाडीण दगडापाशी थांबते. ती म्हणते, इथून पुढं वाट दिसतेच आहे. तुम्ही जा."

नातीने मला विचारले, मोजणीदार काय करतो.

मोजणीदाराने काही केले नाही. मी मोबाइलकडे वळलो आणि मुलाला घरच्या नावाने हाक मारली. त्याच्या आईने ठेवलेले ते नाव आहे. त्या नावाने त्याला हाक मारणारा आता मी एकटा उरलो आहे.

"इतक्या जवळ येऊन कोणी थांबत नाही," मी म्हणालो. आणि नातीला म्हणालो, "ती आत जाते. गाव तिचं आहे. लिही तसं."

नातीने पेन्सिल उचलली नाही.

"बाबा, ती माझी वाटाडीण आहे," मुलगा म्हणाला.

"आणि मी तुझा बाप आहे."

 शेठनी नेटवर्क गेले असावे असा अंदाज व्यक्त केला. शेठ दयाळू माणूस आहेत. मला पडदा दिसत होता. मुलाच्या मागे भिंतीवरचा पंखा फिरत होता. तो फिरताना मी पाहत होतो आणि मग चित्र गेले.

पुढच्या रविवारी त्याने नातीला कळवले की काम आहे. त्याच्या पुढच्या रविवारी कळवले नाही.

खेळ थांबवावा असे मला वाटले. नात थांबवायला तयार नव्हती. तिचा आणखी एक नियम होता. जो खेळणारा आलेला नाही त्याचा माणूस जिथे होता तिथेच राहतो. त्याच्यासाठी कोणी फासा टाकत नाही. वाटाडीण शिवेवर उभी आहे, एवढेच धरून चालायचे. शेठनी नाना तोडगे सुचवले. तिला ताप आला असे म्हणू. तिला वाघाने नेली म्हणू, वाघाला काय, कोणीही चालते. मी नाही म्हणालो. मग गावात जाऊन बियाणे देऊन येऊ, ती थांबेल बिचारी. तेही मी नाही म्हणालो.

"मोजणीदार काय करतो?" नात दर रविवारी विचारायची.

"थांबतो," मी म्हणायचो.

"कुठे?"

"दगडाच्या अलीकडे. तिच्या बाजूला."

"अण्णा," शेठ एकदा म्हणाले, "पोत्यातल्या पोत्यात नागलीला कोंब फुटले. आता तिथंच दाणे झडायचे." तरी ते येत राहिले. त्यांच्या चोराने दगडापाशी बसून चोरलेल्या वस्तूंची यादी करायला घेतली. हे खेळात बसत नव्हते, पण नातीने चालू दिले.

तिचे वर्ष संपत आले होते. ती गेली की खेळ संपणार होता. फासा, कागद आणि मोबाइल तिचे होते आणि मुलाला बोलावणारीही तीच होती. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रविवार मोजले. पाच उरले होते. त्यातल्या एका रविवारी ती आमच्याच तालुक्यातल्या वांगणीला रुग्ण पाहायला गेलेली होती. गाडी अलीकडेच सोडून पुढे चालावे लागते, म्हणून परतायला पाच वाजले. गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन ती पडवीत आली तेव्हा शेठ आणि मी टेबलाच्या दोन बाजूंना बसून होतो. बरणी जागेवर होती. तिने पाय धुतले नाहीत, आधी बसली. म्हणाली, "आजोबा, मामाला फोन करा."

मी म्हणालो, काय बोलू.

ती पाय धुवायला उठली. ती डॉक्टर आहे. ठाऊक नसेल तेव्हा गप्प राहते. हा गुण तिच्यात माझ्याकडून आला असे मी समजत होतो.

त्या आठवड्यात मी गावी गेलो. बसने गेलो आणि फाट्यापासून चाललो. त्राटिकेचे सोंग ज्या घराकडे होते तो म्हातारा कधीच गेला. त्याचा पुतण्या आता ते नाचवतो. त्याला मी येण्याचे कारण सांगितले नाही. मुखवटा पाहायचा आहे, एवढेच म्हणालो. त्याने माळ्यावरून पेटी काढली, फडके सोडले. मी बैठकीत इतकी वर्षे बसलो, पण तो मुखवटा कधी हातात घेतला नव्हता. आमच्या घरी लक्ष्मण होता.

तो मला वाटत होता त्याहून जड निघाला. पुतण्या म्हणाला, "घालून तर पाहा ना अण्णा, कोण बघतंय."

मी भिंतीला टेकून तो चेहऱ्यावर धरला. आत लाकडाचा, घामाचा आणि जुन्या रंगाचा वास होता. लक्ष्मणाच्या मुखवट्याला डोळ्यांपाशी भोके आहेत; याच्या डोळ्यांच्या जागी नुसते रंगवलेले डोळे असतात. दिसते ते खालच्या फटीतून. मला दीड हात जमीन आणि माझ्या चपला दिसल्या. बाकी काही दिसत नव्हते. "नाचताना कसं होतं?" मी आतून विचारले. माझा आवाज मला ओळखू आला नाही. पुतण्या म्हणाला की सोबतीला एक जण लागतोच. तो हात धरून चालतो, खड्डा आला तर सांगतो. कुठे नाचायचे ते मात्र सोंग ठरवते. सोबत्याने ओढायचे नाही. ओढले की तोल जातो.

मी मुखवटा उतरवून त्याला परत दिला. त्याने विचारले, जेवून जाणार का. मी थांबलो नाही.

बसमध्ये मी माझ्या मोबाइलवर मुलाला संदेश लिहिला. मला लिहायला वेळ लागतो. अक्षरे लहान असतात. वाटेतले जामसर गाव मागे पडले तेव्हा कुठे तो पुरा झाला. पहिल्या वेळी मी त्यात बरेच लिहिले होते. ते सगळे पुसले. उरले ते असे होते: वाटाडीण शिवेच्या दगडापाशी आहे. तिला कोणी हात लावलेला नाही. मोजणीदार तिच्यापाशी थांबला आहे. पुढे रविवारची तारीख आणि वेळ.

उत्तर आले नाही. दोन निळ्या खुणा आल्या. नातीने सांगितले की त्याचा अर्थ त्याने वाचले.

शेवटचा रविवार आला. नातीच्या बॅगा दाराशी बांधून ठेवलेल्या होत्या. शेठ नवा सदरा घालून आले आणि निरोपाचे पेढे घेऊन आले. तीन वाजले. सव्वातीन वाजले. नातीने कागद समोर घेतले आणि पुन्हा खाली ठेवले. शेठ पेढ्यांच्या पुडक्याची दोरी सोडवत होते आणि ती त्यांना सुटत नव्हती.

तीन वाजून बावीस मिनिटांनी बरणीपाशी मोबाइल वाजला.

त्याने केस कापले होते.   नातीने वेळ घालवला नाही. ती म्हणाली, पठार, संध्याकाळ व्हायला आली आहे, शिवेचा दगड, तीन माणसे. कोण काय करतं?

"वाटाडीण बसलेली आहे," मुलगा म्हणाला. मग तिच्या आवाजात म्हणाला, "कागदवाले, तुम्ही अजून इथंच?"

"इथंच."

"हा दगड कुणी बसवला, माहीत आहे?"

मला माहीत होते. खेळातही माहीत होते आणि खेळाबाहेरही. "मी बसवला," मोजणीदार म्हणाला. "जागा मीच ठरवली होती. त्या वेळी कोणाला विचारलं नव्हतं."

पलीकडे पंखा फिरत होता. 

"मग तुम्ही व्हा पुढं," वाटाडीण म्हणाली. "बी वाया जाईल. मी इकडंच बरी आहे."

त्या क्षणापर्यंत मी धरून चाललो होतो की ती आत येणार. इतके रविवार मी त्याच भरवशावर दगडापाशी बसलो होतो. ती आत आली की पुढे काय, याचेही मी काही ठरवले होते. गावात तिचे घर कोणत्या बाजूला असेल, ते मी वहीत आखून ठेवले होते. ती वही माझ्यासमोर उघडी होती.

नातीने विचारले, मोजणीदार काय करतो.

शेठ दोरी सोडवायचे थांबले होते.

"मोजणीदार पोतं उचलतो," मी म्हणालो. "पाण्याचा भोपळा तिच्यापाशी ठेवतो. म्हणतो, बाई, भाकरी झाडाला बांधून ठेवली आहे. परतताना मी याच वाटेने येईन. तुम्ही इथे असाल तर असाल."

"असेन," वाटाडीण म्हणाली.

मोजणीदार आणि चोर शिवेपलीकडे गेले. बियाणे पोचले. त्यातले बरेच रुजलेले होते, पण नातीने फासा टाकायला लावला आणि शेठचा सतरा पडला, म्हणून गावाचे वर्ष वाचले. शेठनी पेढे वाटले. मुलाला पडद्यावर पेढा दाखवून म्हणाले, "तुमच्या वाटाडिणीच्या वाटचा चोराने खाल्ला, राग मानू नका." मुलगा हसला. निरोप घेताना तो म्हणाला, येतो बाबा. मी म्हणालो, ये. इतकी वर्षे मी हं म्हणत आलो होतो.

नात दुसऱ्या दिवशी गेली. फासा मात्र ठेवून गेली. वाटाडिणीचा कागदही माझ्याजवळच आहे. त्यावर नातीच्या अक्षरात तिचे वय, धंदा आणि खोडी लिहिलेल्या आहेत. गाव का सोडले, या प्रश्नापुढची ओळ कोरी आहे. माझ्या हातात पेन असते तेव्हा ती ओळ मला दिसते. मी तिथे काही लिहिलेले नाही.

आता रविवारी तीन वाजता माझ्याच मोबाइलवर फोन येतो. दर रविवारी नाही, पण बहुतेक. शेठ असतील तर त्यांना चोराचे काय चालले ते विचारले जाते आणि शेठ सविस्तर सांगतात. मग मुलगा मला विचारतो, "बाई तिथंच आहे ना?"

"तिथंच आहे," मी सांगतो. "परवा भाकरी ठेवून आलो."

घरी कधी येतोस, हा प्रश्न माझ्या तोंडाशी असतो. यंदा बोहाड्याच्या बैठकीला मी कळवले आहे की आमच्या घरचे लक्ष्मणाचे सोंग ज्याला हवे त्याने मागावे, आणि आमच्या घरातला माणूस जे मागेल ते त्याला द्यावे. बैठकीने विचारले, घरातला कोणता माणूस. मी नाव सांगितले नाही. वरची खोली झाडून घेतली आहे. मुलाला यातले काही कळवलेले नाही.

तो कोईमतूरच्या उन्हाविषयी बोलतो, मी इथल्या. बरणी पडवीतच असते. मोबाइल तिला टेकवून ठेवला की तो नीट उभा राहतो.